पगाराचा टंच

कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी अकाउंट्सला आहे, म्हणजे हजेरी, ओव्हरटाइम, पीएफ, ईएसआय सगळं माझ्या टेबलावरून जातं, आणि सात तारखेच्या आत पगार बँकेत पडले नाहीत तर पहिली शिवी मला बसते. इतकी वर्षं तेच आकडे बघून डोक्यात एक किडा वळवळायला लागलाय, की ह्या आकड्यांचा आणि माणसाच्या हातातल्या कसबाचा संबंध नेमका किती?

उदाहरण लांब शोधायची गरज नाही. आमच्याकडं एका व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, पहिल्या शिफ्टला परमनंट माणूस असतो आणि दुसऱ्या शिफ्टला ठेकेदारामार्फत आलेला पोरगा. मशीन तेच, ड्रॉइंग तेच, टॉलरन्स तोच, आणि रिजेक्शन बघाल तर पोराचं कमीच. पगार मात्र जवळजवळ निम्मा. एकदा पोरगा स्लिप घेऊन आला आणि म्हणाला, "सर, मी काय कमी करतोय तेवढं सांगा फक्त, सुधारणा करतो." आता ह्याला काय सांगणार? तू काहीच कमी करत नाहीस, फक्त तुझं नाव दुसऱ्या रजिस्टरला आहे. मी आपलं ठेकेदाराशी बोल म्हणून सांगितलं, जे सगळेच सांगतात.

बी.कॉम.ला आम्हाला शिकवलेलं की मजुरी म्हणजे सीमांत उत्पादकता, एक जास्तीचा कामगार घेतल्यावर जेवढा माल वाढतो तेवढी त्याची मजुरी. परीक्षेत लिहिलं, मार्क पडले. आणि अगदीच खोटं पण नाहीये ते, आमच्याच शॉपमध्ये प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हेल्परच्या तिप्पट मिळतात आणि ते कसबाचेच मिळतात, त्यात वाद नाही. एका गेटच्या आत, एका रजिस्टरवर कोण वर कोण खाली हे कौशल्य ठरवतं, मान्य. पण अख्खं रजिस्टरच कुठल्या उंचीवर टांगलंय ते कोण ठरवतं? पुस्तक तिथं गप्प बसतं, निदान आमचं तरी बसलेलं.

माझी मावसबहीण मिरजेत नर्स आहे. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, डॉक्टर वानलेस यांनी १८९४ ला मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून, आजही अथणी, रायबागकडचे पेशंट सकाळच्या गाडीनं उतरतात आणि स्टेशनच्या बाहेर रिक्षावाला 'कुठला दवाखाना?' असंच विचारतो. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली, बरीच वर्षं आयसीयूत काढलेली बाई, व्हेंटिलेटरचा आवाज बदलला की झोपेतून उठेल अशी. पगार २२,०००. तिच्या हॉस्पिटलचं नाव कशाला घ्या, पलीकडच्या दवाखान्यात गेली तरी २२ चे फार तर २३ होतात.

तर २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, १०,००० कुशल माणसं पाठवायचा. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, प्लंबर वगैरे. हिनं पेपरात वाचलं आणि जर्मनचा क्लास लावला, आता नाइट ड्युटीत सलाईन बदलता बदलता कुठल्या शब्दाला डेर, कुठल्याला डी, कुठल्याला दास लावायचं ते पाठ करत असते. मला म्हणाली, दादा तू हिशोबातला माणूस, जरा बघून सांग खरंच परवडतं का.

मग बसलो हिशोब करायला. २२,००० भागिले २६ दिवस भागिले ८ तास, म्हणजे तासाला १०६ रुपये. तिकडं म्हाताऱ्या माणसांच्या सेवेच्या क्षेत्रात कायद्यानं ठरलेला किमान दर आहे, जुलै २०२५ चा बघितला तर शिकलेल्या नर्सला तासाला २०.५० युरो आणि साध्या मदतनीसाला १६.१०. युरो शंभराच्या आसपास धरा. म्हणजे काहीही न शिकलेला मदतनीससुद्धा हिच्या पंधरापट! आता हे पंधरापट असंच धरायचं नसतं हे मला पण कळतं, तिकडं भाडं, दूध, भाजी सगळंच महाग, एका युरोत तिकडं जेवढं येतं तेवढं आपल्याकडं साधारण २८-३० रुपयांत येतं. त्या मापानं मोजलं की पंधरापटीचे सव्वाचार-साडेचार पट होतात, टॅक्स आणि विमा कापून तीनेक पट. तरी तीन पट, आणि ते पण मदतनीसाच्या दरात.

आणि खरी गंमत पुढंच आहे. इथलं शिक्षण तिकडं लगेच चालत नाही, भाषेची बी-टू लेव्हल पाहिजे, कागद तपासणार, कुठं कमी पडलं तर कोर्स नाहीतर परीक्षा, आणि मान्यता मिळेपर्यंत नर्स असूनही मदतनीस म्हणून राबायचं. मान्यता मिळाली की १६.१० चे २०.५०. म्हणजे तिच्या सगळ्या शिक्षणाची, आयसीयूतल्या सगळ्या रात्रींची किंमत त्या तक्त्यात तासाला ४ युरो ४० सेंट आहे. बाकीचे १६ युरो कशाचे? फक्त जागेचे. तिथं उभं राहण्याचे.

२००८ साली तीन अर्थतज्ज्ञांनी ४२ देशांचा असाच हिशोब मांडला होता, एकाच देशात जन्मलेली, तिथंच शिकलेली, वय-शिक्षण सारखं असलेली माणसं घेतली आणि त्यातला एक आपल्याच देशात आणि एक अमेरिकेत असेल तर पगारात किती फरक पडतो ते बघितलं. फरक प्रचंड निघाला, आणि त्याला त्यांनी जागेचा जास्तीचा भाव अशा अर्थाचं नाव दिलं. माझ्या मावसबहिणीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग मी इतकी वर्षं शिकले कशाला, तिकडं जन्मले असते तर झालं असतं."

पण जागेत असं असतं काय? जर्मन पेशंटला सलाईन लावायला काय वेगळा हात लागतो का? नाही. बाडेन-वुर्टेमबर्गची राजधानी स्टुटगार्ट, आणि स्टुटगार्टला मर्सिडीज आहे, बॉश आहे. तिथल्या दवाखान्यानं नर्सला कमी पगार दिला तर ती खड्ड्यात जा म्हणून शेजारच्या कारखान्यात जाऊन बसेल, आणि त्या कारखान्यात एक माणूस दिवसाला जेवढ्या किमतीचा माल काढतो त्या हिशोबानं तिथला पगार असतो. म्हणजे गाडी बनवणाऱ्याच्या मशीननं नर्सचा पगार वर ओढला, नर्सनं स्वतः काहीच वेगळं केलेलं नाही. न्हाव्याचं तेच, वेटरचं तेच. बालासा आणि सॅम्युएल्सन ह्या दोघांनी १९६४ साली वेगवेगळं हेच लिहून ठेवलंय, जरा जड भाषेत. मिरजेच्या नर्सनं राजीनामा दिला तर ती कुठं जाणार? पलीकडच्या दवाखान्यात, २३ हजारात. माझं आता पक्कं मत झालंय की पगार ठरवताना मालक तुझ्या हाताकडं बघतोच, पण त्याच्या आधी तू नाही म्हणालास तर कुठं जाशील हे बघतो.

आमच्या मामानं हे शाळा न शिकता ओळखलं होतं. मामा गलाईवाला. बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो, विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि तिकडं साताऱ्यातला माण-खटाव, ह्या कोरड्या पट्ट्यातली हजारो घरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात आहेत आणि भारतभर पांगलीत. कुठल्याही शहराच्या सराफ पेठेत मागच्या बोळात जा, भट्टीवर बसलेला माणूस मराठी बोलेल, आणि आपलं गाव सांगितलं की चहा आलाच. मामा कोईमतूरला गेला तो मिसरूड फुटायच्या आधी, चुलत्याच्या दुकानात.

काम काय असतं? जुने दागिने, सोनाराच्या दुकानातली झाडून गोळा केलेली धूळ, सगळं टाकणखार घालून मुशीत वितळवायचं. सोनं शुद्ध करायचं तर आधी त्यात उलट चांदी घालायची, सोन्याच्या जवळपास तिप्पट, हे मला लहानपणी वेडेपणाच वाटायचा. मग ते नायट्रिक आम्लात टाकलं की चांदी आणि तांबं विरघळतं आणि तळाला तपकिरी चिखलासारखं जे राहतं ते सोनं. विरघळलेली चांदी पुन्हा तांब्याची पट्टी टाकून परत मिळवायची. वास असा की डोळे फुटतात, मामाचा खोकला आम्हाला दारात गाडी थांबायच्या आधी ऐकू यायचा. कसोटीच्या दगडावर घासून टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, सांगायचा, आणि तो मशीनच्या आकड्याच्या आसपासच असायचा. म्हणजे कसब होतं, शंका नाही.

मी एकदा विचारलं, मामा एवढं येतं तर विट्यातच का नाही दुकान टाकलं? हसला. म्हणाला, "अरे भाच्या, सोनं गाळायची अक्कल विट्यात बसून काय कामाची, आपल्या तालुक्यात तेव्हा गाळायला होतं काय, मातीच की." टेंभू योजनेचं शेतीला पाणी यायच्या आधीचा तालुका तो. तीच मूस, तोच फुंका, पण हाताखालून जाणारा माल कोट्यवधीचा असेल तरच त्यातला रुपयाला दमडी आपली होते. आणि मामाला कोईमतूरला जायला व्हिसा लागला नाही, तमिळची परीक्षा लागली नाही, रिझर्वेशन पण नव्हतं म्हणे, दाराशी बसून गेला. माझ्या मते गावाकडं जे बंगले दिसतात ते निम्मे गलाईच्या कसबाचे आणि निम्मे त्या उघड्या दाराचे आहेत.

दार बंद झालं की काय होतं ते पण ह्याच धंद्याच्या शेजारी बघायला मिळालं. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं, नवा दागिना १४ कॅरेटच्या वर करायचा नाही. देशभरातल्या सोनारांच्या हातातलं कसब आदल्या दिवशी होतं तेवढंच होतं, किंमत मात्र एका आदेशानं गेली. आणि आता नवीन म्हणजे टंच काढायचं मशीन, दागिना ठेवला की मिनिटाभरात स्क्रीनवर आकडा, त्यामुळं मामाच्या त्या कसोटीच्या नजरेला त्याच्या स्वतःच्या दुकानात कुणी विचारत नाही. तो नजर कमी झाली म्हणतो. नजर ठणठणीत आहे.

आता ह्याच्या उलट बाजूचा एक माणूस ऐका. ग्रेगरी क्लार्क म्हणून एक आर्थिक इतिहासकार आहे, त्यानं १९८७ साली जगभरच्या कापड गिरण्यांचा हिशोब मांडला. १९१० च्या सुमाराला मशीन बहुतेक सगळीकडं इंग्लंडमधूनच जायची, म्हणजे सारखीच, तरी अमेरिकेच्या न्यू इंग्लंडमधला एक कामगार जेवढं काम उरकायचा तेवढ्याला भारतात, चीनमध्ये, जपानमध्ये जवळजवळ ६ माणसं लागायची. मग तो म्हणतो की तंत्र, व्यवस्थापन, ट्रेनिंग ह्यातल्या कशानंच हे सुटत नाही, स्थानिक संस्कृतीच कारण दिसते. म्हणजे थोडक्यात आमचा आज्जा आळशी.

माझा आज्जा गिरणीत होता, परळला. आमचा जिल्हा तेव्हा दक्षिण सातारा, सांगली हे जिल्ह्याचं नाव १९६० चं. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी ह्या भागानं गिरणगाव भरलेलं होतं. एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारी वीस-वीस माणसं, खानावळीत जेवण, जॉबरच्या, म्हणजे माणसं भरणाऱ्या मुकादमाच्या, हातापाया पडून लागलेलं काम. हा माणूस आळशी होता असं म्हणायला खूपच लांब बसावं लागतं, अमेरिकेत वगैरे.

आकडा खोटा नसेल, पण अर्थ मला दुसरा लागतो. १९२८ साली मुंबईत गिरण्यांचा जो सहा महिन्यांचा संप झाला त्याच्या मुळाशी हेच होतं, विणकरानं दोनाऐवजी तीन माग सांभाळायचे ही मालकांची योजना. माणसं नाही म्हणाली. का नाही म्हणाली? तीन माग एकानं सांभाळले तर तिसरा माणूस उद्या गाडीनं खटावला परत, आणि तो तिसरा माणूस म्हणजे आपलाच चुलतभाऊ, आपल्याच खोलीत झोपणारा. मालकाला पण एरवी माणूस इतका स्वस्त की माग वाढवायची घाई नसायची. अमेरिकन विणकराला पगार जास्त म्हणून मालक त्याच्या गळ्यात जास्त माग बांधणार, आणि आपला स्वस्त म्हणून तेवढ्याच मागांना जास्त माणसं उभी करणार, मग वर म्हणायचं बघा ह्यांची उत्पादकता कशी कमी! कोंबडी आधी का अंडं आधी, ते ह्या क्लार्कनं पाठीमागून वाचलंय असं आपलं मला वाटतं. आणि गंमत म्हणजे त्याच १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्कर कारखाना उभा करत होते, आजूबाजूची शेतकऱ्यांची पोरं लोखंड ओतायला, टर्निंग करायला शिकत होती. संस्कृती हीच होती की.

मिरजेत सतारमेकर गल्लीत मला बरं वाटतं आणि वाईट पण. शिकलगारांची घरं ही, हत्यारांची कामं गेल्यावर फरीदसाहेबांपासून वाद्यांकडं वळलेली, दीडशेवर वर्षं झाली. तुनाचं लाकूड, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तबली, दांडी, कोरीवकाम, आणि सगळ्यात शेवटी जवारी. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा पृष्ठभाग कानसीनं असा काही घासायचा की तारेचा आवाज उघडतो, एक घासणी जास्त झाली की बसला. हे शिकायला अर्धं आयुष्य जातं. २०२४ ला इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, पण मिळालं, पेढे वाटले गेले, छान झालं.

पण शंभर वर्षांपूर्वी तानपुरा करायला जेवढे दिवस लागायचे तेवढेच आज लागतात. बॉमोल आणि बोवेन ह्यांनी १९६६ साली संगीताबद्दल हेच मांडलं होतं, चार जणांची रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी पण चारच माणसं आणि तेवढाच वेळ लागायचा, तिथं उत्पादकता वाढवायची कशी. बाकी धंद्यातले पगार वाढले की ह्यांचे पण वाढवावे लागतात, नाहीतर माणसं पळतात, असा त्यांचा सिद्धांत. श्रीमंत देशात पगार वाढले. मिरजेत माणसं पळाली. एका कारागिराचा पोरगा आमच्याच शॉपमध्ये क्वालिटीला आहे, कान एवढा तयार की बेअरिंगचा आवाज ऐकून सांगतो कुठलं गेलंय ते. वडिलांपेक्षा जास्त कमावतो. त्याला चुकीचं कोण म्हणेल?

ऊसतोडीचं सांगितल्याशिवाय सांगलीवर लिहिता येत नाही. बीडकडून जोडपी येतात, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, दोन माणसं आणि मोजायचं एक. ऊस बुडख्याला जमिनीलगत तोडायचा, वाढे सवळायचे, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. ज्याला हे बिनकसबी काम वाटतं त्यानं मोळी घेऊन फक्त फळी चढून दाखवावी. जानेवारी २०२४ मध्ये बोलणी होऊन टनाचा दर २७३ रुपयांवरून ३६६ झाला, ३४ टक्के वाढ, आणि आमच्याकडं पारावर चर्चा की फार झालं. हा दर कृष्णाकाठच्या उसाच्या पैशावरून ठरत नाही, बीडच्या कोरड्या शिवारात डिसेंबरात दुसरं काय मिळतं त्यावरून ठरतो, आणि वर उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते म्हणजे नाही म्हणायची सोय आधीच विकलेली.

म्हणून मला तासगाव तालुक्यातल्या विसापूरच्या वि. स. पागेंचं राहून राहून कौतुक वाटतं. मागेल त्याला काम, म्हणजे रोजगार हमी, ही त्यांनी लावून धरलेली कल्पना, १९७२ च्या दुष्काळात कसाला लागली, १९७७ ला राज्यानं कायदा केला आणि पुढं २००५ ला देशानं घेतली. २०२५-२६ चा महाराष्ट्राचा दर दिवसाला ३१२ रुपये होता, काही फार नाही. खड्डे खणायचं काम म्हणून लोक नावं ठेवतात, कामं निकृष्ट होतात, मस्टरमध्ये घोळ होतात, सगळं खरं. पण बागायतदार त्या योजनेवर एवढे का चिडायचे? कारण मजुराला नाही म्हणायला कुठंतरी टेकायला मिळालं होतं.

परवा गावी गेलेलो तर चुलतभाऊ पेटलेला. द्राक्षाची विरळणी चाललेली, मण्यांचा घड हातात धरून बारीक कात्रीनं नेमके मणी काढायचे, उरलेल्याला साल खरवडता कामा नये, हे काम बायकाच करतात आणि बायकांनाच येतं, तरी फवारणीच्या ट्रॅक्टरवर बसणाऱ्या गड्याला त्यांच्या दीडपट हजेरी. ह्या वर्षी बायकांची टोळी आली, बाग बघितली आणि त्यांच्या मुकादमीण काकूंनी एकरी उक्ता दर सांगितला, गेल्या वर्षीच्या दीडपट. हा म्हणाला जमणार नाही. काकू म्हणाल्या, "बरं राह्यलं मग, पल्याडच्या वाडीत आजपास्नं बोलवलंय आमाला." आणि निघाल्या की. विरळणी चार दिवस पुढं ढकलली तर माल गेला, हे त्यांना पण माहीत आणि ह्याला पण. बांधापर्यंत गेल्यावर ह्यानं हाक मारली.

"बायका माजल्यात," रात्री जेवताना मला सांगत होता. मी म्हटलं, तू मार्केटला भाव नाही पटला तर गाडी परत आणतोस तेव्हा तुला कोण माजला म्हणतं का? तर म्हणाला ते वेगळं. आणि मग भाकरी मोडता मोडता मोबाईल काढला, शेजारच्या बागायतदाराला फोन लावला आणि विचारायला लागला, ती यूपीची पोरं आणणारा ठेकेदार आहे ना तुझ्याकडं, त्याचा नंबर पाठव जरा.